वारा कुठून येतोय?

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या बाईचं नाक भलतंच तिखट असतं. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ती सांगते, "आज पुन्हा कुणीतरी सोडलंय." मग पटापट खिडक्या लावायच्या, वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे आणि लेकरांना हाका मारायच्या. इतकी सवय झालीय की त्यात काही वावगं आहे, असंही वाटेनासं झालंय.

३ जून २०२१ च्या रात्री मात्र खिडकी लावून भागलं नाही. बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात, रात्रीचे दहा वाजून गेल्यावर, रिॲक्टर प्रमाणाबाहेर तापला आणि वायू बाहेर पडला. आजूबाजूच्या सुमारे तीन किलोमीटर परिसरात लोकांना श्वास घेणं जड झालं, डोळे चुरचुरायला लागले. आधीच करोनाचे दिवस! अग्निशमन दलाने तासाभरात गळती आटोक्यात आणली, हे आपलं नशीब. पण त्या तासात आपण काय केलं? आमच्या बचत गटात हा विषय निघाला तेव्हा कळलं की कुणी गच्चीवर गेलं, कुणी पोरांना स्कूटरवर घालून सुसाट निघालं, तर कुणी चक्क "काय झालंय बघू" म्हणून कारखान्याच्या दिशेने गेलं.

आणि एक वाक्य तर प्रत्येक दुर्घटनेनंतर कानावर येतंच, "बंब येऊन उभे होते नुसते!"

मैत्रिणींनो, या वाक्याबद्दलच मला आज बोलायचंय. घराला आग लागली की जवानांनी धावत आत शिरावं, पाण्याचा मारा करावा, ही आपली अपेक्षा असते आणि ती बरोबरच आहे. रसायनाच्या बाबतीत मात्र आधी थांबणारा जवान शहाणा. वारा कुठून येतोय हे तो प्रथम पाहतो. वाऱ्याच्या पाठीने आणि शक्यतो उंचावरून जवळ जायचं, हा त्यांचा पहिला धडा. दुसरा धडा, आत काय आहे ते कळल्याशिवाय पाणी मारायचं नाही. तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला तर काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तीव्र गंधकाम्लावर पाणी पडलं तर तेही असंच उसळतं. सोडियम धातू तर पाणी लागलं की पेटच घेतो. तेलासारखे ज्वालाग्राही द्रव पेटले तर पाण्याऐवजी फेस लागतो. अमोनियासाठी मात्र पाण्याचा फवारा उपयोगी, कारण तो वायू पाण्यात चटकन विरघळतो. म्हणजे दर वेळी औषध वेगळं, आणि निदान झाल्याशिवाय औषध द्यायचं कसं?

त्यांच्या पाठीवरच्या सिलिंडरचंही असंच. आपण समजतो त्यात ऑक्सिजन असतो. नाही, दाबून भरलेली साधी हवा असते. ती साधारण अर्धा-पाऊण तास पुरते. माणूस दमला, घाबरला, धापा टाकायला लागला की त्याहून लवकर संपते. त्यात अंगभर बंद पोशाख, आत घामाच्या धारा. बाहेर आल्यावर तो पोशाख धुऊन काढल्याशिवाय उतरवायचाही नाही, नाहीतर आतलं विष बाहेर थांबलेल्यांना लागायचं. म्हणूनच घटनास्थळी दोऱ्या बांधून हद्दी ठरवतात. आत फक्त पूर्ण पोशाखातले, मध्ये धुण्याची जागा, बाहेर बाकीचे. आणि आपण त्या दोरीला ओणवं होऊन मोबाईलवर चित्रीकरण करत असतो!

आत काय आहे हे न कळल्याची किंमत या मुंबई परिसरानेच मोजलीय. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीवर आग लागली. एकाच बोटीत कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा! पाणी मारत असतानाच स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्यासाठीच १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. जुलै २०१० मध्ये शिवडीच्या हाजी बंदर भागात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला, तेव्हाही आजारी पडलेल्यांत अग्निशमन दलाचे जवान होते.

आणि आपली वालधुनी? नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस, पहाटेच्या वेळी उल्हासनगरजवळ या नदीत रसायन ओतलं गेलं आणि झोपेतून उठलेली शेकडो माणसं उलट्या, चक्कर, घुसमट घेऊन रुग्णालयात पोहोचली. जिच्या काठी अंबरनाथचं साडेनऊशे वर्षांहून जुनं शिवमंदिर उभं आहे, ती ही नदी. कारखान्यात अपघात झाला तर निदान मालकाला विचारता तरी येतं. ओतून पळालेल्या टँकरचं काय विचारणार? धोकादायक माल नेणाऱ्या टँकरवर रसायनाचं नाव, त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, तातडीचा दूरध्वनी असलेली पाटी कायद्याने सक्तीची आहे. चालकाजवळ 'ट्रेम कार्ड' हवं, म्हणजे काय सांडलं तर काय करायचं याचा कागद. क्लोरीनचा क्रमांक १०१७, अमोनियाचा १००५. पाटी शाबूत असेल तर जवान लांबूनच ती वाचून पुढचं ठरवतो. पाटी पुसलेली, चिखलाने माखलेली किंवा खोटी असेल तर तो आंधळा होतो. माझ्या मते असा टँकर रस्त्यावर आणणं हा साधा वाहतूक गुन्हा नाही. दंडाच्या पावतीवर ते मिटता कामा नये.

आता आपल्या हातातलं. धुराने भरलेल्या खोलीत वाकून, रांगत बाहेर पडावं, हे आपण शाळेत शिकलो. क्लोरीनसारखा जड वायू मात्र जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात आणि तळमजल्यावर साचतो. तिथे वरचा मजला बरा. बाहेर वास पसरला असेल तर दारं-खिडक्या बंद, पंखा, एसी, एक्झॉस्ट बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, नाकातोंडावर ओलं फडकं. बाहेर पडायला सांगितलंच तर वाऱ्याला आडवं चालायचं. वाऱ्याबरोबर पळालात तर वायू तुमच्याबरोबरच पळणार. वारा कळायला फार काही लागत नाही, दोरीवरची साडी कुठे उडतेय ते बघा! जाता जाता एक, संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका. त्यातून निघतो तो क्लोरीनच, आणि त्या एवढ्याशा बंद जागेत तो पुरेसा असतो.

पण सगळा भार ओल्या फडक्यावर टाकायला मी तयार नाही. भोपाळनंतर या देशात नियम झाले. १९८९ च्या नियमांप्रमाणे मोठा धोका असलेल्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोका काय आणि अपघात झाला तर काय करावं, काय करू नये, हे कळवायचं असतं. तुमच्या सोसायटीत असा कागद कधी आलाय? मी गटातल्या बायकांना विचारलं. एकीचाही हात वर झाला नाही. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांत तर स्थानिक आपत्ती गट सांगितलाय. अध्यक्ष उपविभागीय दंडाधिकारी, सोबत कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस, वाहतूकदार, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक, दोन डॉक्टर... आणि दोन समाजसेवक! महिन्याला बैठक, सहा महिन्यांतून एकदा पूर्ण रंगीत तालीम. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. म्हणजे आपली जागा कायद्याने राखलेली आहे!

घरात दिवसभर असतात त्या बायका, वास पहिला येतो तो त्यांना. कुठल्या गल्लीत अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कुठल्या चाळीत दम्याचं पोर आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. बंबातून उतरणाऱ्या जवानाला ही माहिती देणारं कुणीतरी हवं, आणि ते ऐन वेळी ठरवून चालणार नाही. शिवाय अशा बैठकीत एक प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा. गॅसबंद पोशाख आणि वायू ओळखणारी यंत्रं आपल्या तिन्ही शहरांच्या दलांकडे किती आहेत, आणि ती वापरायचा सराव शेवटचा कधी झाला? पालिकेच्या अंदाजपत्रकात चौकाच्या सुशोभीकरणाला पैसे निघतात, तेव्हा यालाही निघायला हरकत नसावी.

गेल्या महिन्यात आम्ही सातजणींनी सह्या करून एक अर्ज दिलाय. आमच्या भागाच्या आपत्ती गटात समाजसेवक म्हणून कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली, पुढची रंगीत तालीम कुठे आहे, एवढे तीनच प्रश्न. पोच मिळालीय, शिक्क्यासकट. पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी चौदाजणी.