मळेवाल्याची खतावणी अजून चालूच!

मॉरिशसच्या राज्यकर्त्यांना 'इंद्रधनुषी राष्ट्र' हे बिरुद फार आवडते. पर्यटकांच्या माहितीपत्रकात ते छापले जाते, १२ मार्चच्या स्वातंत्र्यदिनी व्यासपीठावरून गर्जले जाते. मग याच राष्ट्राच्या घटनेचे पहिले परिशिष्ट त्यांनी त्याच व्यासपीठावरून एकदा मोठ्याने वाचून दाखवावे! तिथे हे इंद्रधनुष्य चार खणांत कापून ठेवले आहे. हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि उरलेले सारे 'सर्वसाधारण लोकसंख्ये'त. निवडणुकीला उभे राहायचे तर आपला खण अर्जात लिहून द्यायचा, नाहीतर अर्ज बाद. ६२ जण मतांवर निवडून येतात. मग पडलेल्या उमेदवारांतून आणखी आठ जणांपर्यंत जमातीच्या हिशेबाने भरती. 'बेस्ट लूझर' म्हणतात या पद्धतीला. पडलेल्यांतला सरस!

चौथ्या खणाची व्याख्या हा तर निर्लज्जपणाचा कळस आहे. ज्याच्या जगण्याच्या रीतीवरून तो पहिल्या तिघांपैकी वाटत नाही, तो यात. म्हणजे काय, तर माणूस काय खातो, कोणापुढे हात जोडतो, लग्न कसे लावतो हे पाहायचे? वाद झाला तर न्यायाधीशाने हे पारखून निकाल द्यायचा! आणि या खणात कोंबले आहे कोणाला? मोझांबिक आणि मादागास्करहून साखळदंडांत आणलेल्या गुलामांचे वंशज, म्हणजे क्रेओल लोक, त्यात आहेत, आणि त्यांना विकत घेणाऱ्या फ्रेंच मळेवाल्यांचे वंशजही त्यातच. १८३५ साली गुलामी संपली, साठ हजारांहून अधिक माणसे कायद्याने मोकळी झाली. ब्रिटिश सरकारने वीस लाखांहून अधिक पौंडांची भरपाई दिली ती मालकांना. ज्यांच्या पाठीवर वळ होते त्यांच्या हाती छदामही पडला नाही. आज त्या दोघांच्या वारसांना एका नावाखाली मोजायचे आणि सांगायचे, घ्या, यांनाही प्रतिनिधित्व दिले! आपल्याकडे आरक्षणावरून कितीही धुळवड होवो, अन्याय कोणावर झाला हा प्रश्न निदान विचारला तरी जातो. मॉरिशसच्या खतावणीत त्यासाठी रकानाच नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर अल्पसंख्याकांच्या मनात भीती होती, हे आम्ही नाकारत नाही. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपले काय होणार, ही मुसलमानांची आणि चिन्यांची धास्ती खरी होती. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईमध्ये क्रेओल-मुस्लिम दंगली पेटल्या तेव्हा ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले होते. पण त्या भीतीवर तोड म्हणून ही चौकट १९६६ साली बसवली ती लंडनच्या वसाहत खात्याने, आणि सौदा जुळवला जॉन स्टोनहाउस या उपमंत्र्याने. हा गृहस्थ पुढे १९७४ मध्ये मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून बुडाल्याचे सोंग करून पळाला आणि फसवणुकीबद्दल तुरुंगात गेला. त्याचे सोंग काही आठवड्यांत उघडे पडले. त्याने जुळवलेल्या सौद्यावर मात्र एका स्वतंत्र देशाने पिढ्यान्‌पिढ्या मान डोलावली!

आणि हिशेब तरी कोणत्या शिरगणतीवर? १९७२ च्या! १९८२ मध्ये नव्या सरकारने जनगणनेतून जमातीचा प्रश्न काढून टाकला, चांगले केले. पण घटनेतला खण तसाच ठेवला. त्यामुळे तेव्हा जे जन्मलेही नव्हते त्यांच्या जागा मेलेल्यांच्या आकड्यांवर वाटल्या जातात. कोळसा उगाळावा तितका काळाच.

या हिशेबाने क्रेओल माणसाच्या पदरात काय पडले ते १९९९ ने दाखवले. आदल्या नोव्हेंबरात नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापली गेली, तमिळ समाज खवळला, आणि सरकारने छापलेल्या नोटा मागे घेतल्या. तमिळांचे गाऱ्हाणे रास्तच होते. पण अक्षरांच्या क्रमासाठी असे धावणारे सरकार फेब्रुवारीत कुठे होते? बेटाचे सेगा संगीत आणि रेगे एकत्र करून 'सेगे' गाणारा काया, गांजावरील बंदीविरुद्धच्या मैफलीनंतर पकडला गेला आणि २१ फेब्रुवारीला पोलीस कोठडीत मेलेला सापडला. क्रेओल वस्त्या पेटल्या, आणखी माणसे मेली, राष्ट्राध्यक्ष कासम उतीम यांना शांततेसाठी लोकांत उतरावे लागले. शिक्षा मात्र एकाही पोलिसाला झाली नाही. क्रेओलांसाठी राखलेला तो खण त्या कोठडीत कोणाच्या कामी आला?

आता आपल्या माणसांकडे वळू. रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडून मुंबई बंदरातून गिरमिटावर गेलेल्यांची मुले आजही तिथे मराठी शिकतात, झाकरी नाचतात, गणपती समुद्रात विसर्जित करतात. त्या दिवशी देशाला सुट्टी असते. २०२३ मध्ये शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करायला महाराष्ट्राचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री गेले. अभिमान जरूर बाळगा. पण घटनेच्या लेखी हा मराठी माणूस 'हिंदू' खणातला एक आकडा आहे, हे त्या सोहळ्यात कोणी बोलले का? आणि क्रेओल शेजाऱ्याचे नाव? बेटावर जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असलेली क्रेओल भाषा प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली ती २०१२ साली. आपली मराठी तिथे कितीतरी आधीपासून शिकवली जात होती. मायबोलीसाठी हक्क मागणाऱ्यांना शेजाऱ्याच्या मायबोलीची उपेक्षा दिसू नये? जमातवार सांस्कृतिक केंद्रे, धर्मसंस्थांना डोईवार अनुदान, आणि निवडणूक आली की देवळा-मशिदींच्या पायऱ्यांवर पुढाऱ्यांची रीघ. एवढ्यावर सारे गप्प.

हे बेट मुळात असे नाही. २० मे १९७५ रोजी हजारो विद्यार्थी शाळा सोडून पोर्ट लुईकडे निघाले. ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्टच्या पुलावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. हिंदू, मुसलमान, चिनी, क्रेओल पोरांचे डोळे तिथे सारखेच झोंबले. त्या रेट्याने १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. जे पोरांना जमले, ते रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घराण्यांत पंतप्रधानपद फिरवत बसलेल्यांना का जमू नये? स्वातंत्र्यानंतर या दोन घरांबाहेरचा पंतप्रधान एकच झाला, पॉल बेरांजे, तोही जेमतेम दोन वर्षे.

'रेझिस्तांस एक आल्तेर्नातिव' पक्षाच्या कार्यकर्त्यांनी खण लिहायला नकार दिला, अर्ज बाद झाले म्हणून ते संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेले, आणि २०१२ मध्ये मानवी हक्क समितीने मॉरिशसला दोषी ठरवले. सरकारने काय केले? २०१४ च्या निवडणुकीपुरती घोषणा ऐच्छिक केली! एका निवडणुकीपुरती समता! घटना बदलायला तीन चतुर्थांश मते लागतात, ती कुठून आणायची, हे रडगाणे पुढे चालू राहिले. पण २०२४ च्या नोव्हेंबरात मतदारांनी मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीला दिल्या. खटला लढलेल्या त्या पक्षाचा नेता मंत्रिमंडळात बसला. आता रडगाण्याला जागा कुठे आहे?

समित्या पुरेत, सल्लामसलती पुरेत. परिशिष्टातले ते चार खण खोडा, आणि अल्पसंख्याकांची भीती दूर करायची असेल तर पक्षनिहाय प्रमाणशीर जागांची तरतूद करा. निवडणूक सुधारणांवरच्या २००२ च्या सॅक्स आयोगापासून तिचा विचार चालू आहे. सोबत गुलामी आणि गिरमिटाची चौकशी करणाऱ्या सत्य आणि न्याय आयोगाचा २०११ चा अहवाल कपाटातून काढा आणि ज्यांच्या जमिनी लाटल्या गेल्या त्यांची प्रकरणे निकाली काढा. साखर कारखानदार रागावतील, जमातींचे ठेकेदार उपोषणाला बसतील. बसू द्या.