खाटेशेजारची शाळा

दरवर्षी 12 मे उजाडला की आपल्या शहरातील परिचर्या महाविद्यालयांतून दिवे उजळतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी शुभ्र गणवेशातील मुली, आणि आता त्यांच्या बरोबरीने मुलगेही, हातांत दिवा घेऊन रुग्णसेवेची शपथ उच्चारतात. पाहुण्यांची भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पत्रासह सर्वच पत्रांत त्या सोहळ्याची छायाचित्रे झळकतात. या सोहळ्याविषयी आमची काही तक्रार नाही. आमचा प्रश्न वर्षाच्या उरलेल्या 364 दिवसांविषयी आहे. शपथ घेतलेली ही मुलगी प्रत्यक्ष रुग्णाच्या खाटेशेजारी किती तास उभी राहते, आणि ती तेथे उभी असताना तिला शिकविणारे कोणी तिच्या शेजारी असते काय, हा तो प्रश्न होय. त्याच्या उत्तरावर आपणां सर्वांचे प्राण केव्हा ना केव्हा अवलंबून राहणार आहेत. म्हणूनच तो आज पहिल्या पानावर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

काही काळापूर्वी घरातील एका वडीलधाऱ्या माणसाच्या आजारपणात आम्हांस एका रुग्णालयात काही रात्री काढाव्या लागल्या. पहाटे तीनच्या सुमारास एक विद्यार्थिनी वही घेऊन वॉर्डात आली आणि दिव्याखाली उभी राहून एकामागून एक खाटांचे आकडे भरू लागली. प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे तिने श्वासांची संख्या 18 अशी लिहिली. एकाही रुग्णाच्या छातीकडे तिने पाहिले नव्हते. आम्ही विचारले तेव्हा ती निरागसपणे म्हणाली, "सगळ्यांचे तसेच लिहितात, काका." तिच्या उत्तरात लबाडी नव्हती. तिच्या आधीच्या मुलीने जे केले तेच तिने उचलले होते, आणि मिनिटभर घड्याळ धरून श्वास कसे मोजावेत व ते का मोजावेत हे त्या वॉर्डात तिला कोणी दाखविले नव्हते. रुग्णाची प्रकृती ढासळू लागली की तिची पहिली सूचना पुष्कळदा श्वासाच्या वाढत्या गतीनेच मिळते. ती सूचना त्या वहीत त्या रात्री कधीच उमटली नसती.

आम्ही पूर्वायुष्यात काही वर्षे शिक्षकाचा पेशा केला आहे. शिक्षक होऊ पाहणाऱ्या उमेदवाराला पदवीपूर्वी सराव पाठ द्यावे लागतात. वर्गात मागील बाकावर प्राध्यापक टिपणवही घेऊन बसतात आणि पाठ संपल्यावर प्रत्येक चूक पदरात घालतात. त्या मागील बाकावरच्या माणसानेच आम्हांला शिक्षक केले, असे आम्ही कृतज्ञतेने सांगू. आमच्या बिघडलेल्या पाठाने फार तर चाळीस मुलांची एक तासिका फुकट गेली असेल. परिचारिकेच्या बिघडलेल्या पाठाची किंमत याहून फार मोठी असते. मग जी दक्षता आपण गणिताच्या तासाला घेतो ती सलाईनच्या बाटलीला घेऊ नये काय?

पुस्तकातील विद्या हातात उतरणे म्हणजे काय हे एका-दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. 500 मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यावयाचे आहे आणि नळी मिलिलिटरला वीस थेंब सोडणारी आहे, तर मिनिटाला सुमारे 21 थेंब पडले पाहिजेत. हे त्रैराशिक सातवीतला मुलगाही कागदावर सोडवील. परंतु रुग्णाने हात वाकविला की तोच प्रवाह मंदावतो, नातेवाइकाने चाक फिरविले की धो धो वाहतो, आणि हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला तो जादा ओघ सोसत नाही. याचे भान वॉर्डातच येते. आपल्याकडे इन्शुलिन मिलिलिटरला 40 युनिट व 100 युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते आणि प्रत्येकीची सिरिंज वेगळी असते. 100 ची औषधी 40 च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरली तर रुग्णाला अडीच पट मात्रा मिळते. प्रसूतीनंतर गर्भाशय आवळून घट्ट झाले आहे की सैल पडले आहे, हे पोटावर ठेवलेल्या हाताला कळावे लागते. तो हात अजाण असेल तर रक्तस्राव उघड दिसेपर्यंत मोलाचा वेळ निघून जातो. हा हात कोणत्याही पुस्तकाच्या छापील पानातून तयार होत नाही.

आणि शिकलेले हात काय करू शकतात हेही या महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर 2015 पर्यंत, म्हणजे तब्बल 42 वर्षे, अंथरुणाला खिळून होत्या. तेथील परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण पडला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात घेतली. त्यामागे माया होती हे तर खरेच. पण कूस बदलण्याची वेळ न चुकविणारी, त्वचेवरची पहिली लाली ओळखणारी शिस्तही होती, आणि ती एका परिचारिकेने दुसरीला खाटेशेजारी उभे राहून दिलेली होती.

नियम म्हणाल तर आपल्याकडे नियमांचा तुटवडा नाही. 1946 साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशात 43,000 लोकांमागे एक परिचारिका होती. पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा ठरला, तीन रुग्णांमागे एक विद्यार्थी असे प्रमाण परिषदेने घालून दिले, आणि परीक्षा उत्तीर्ण होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदविल्यावाचून कोणास नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करता येत नाही. 2023 साली तर 1947 च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा संसदेने संमत केला. कागद सर्वांगसुंदर आहे. परंतु कागदाचे काय होऊ शकते ते शेजारच्या मध्य प्रदेशाने दाखविले. तेथील उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने तीनशेंहून अधिक परिचर्या महाविद्यालयांची तपासणी केली, तेव्हा साठांहून अधिक महाविद्यालये अपात्र ठरली. आणि 2024 साली त्या तपासातील अधिकाऱ्यांनाच लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक झाली. ज्या महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात रुग्णच नाहीत तेथील विद्यार्थिनी कोणाची नाडी पाहणार? ती लॉगबुक भरील, सही मिळवील, उत्तीर्णही होईल.

हा रोग एका टोकाचा. दुसऱ्या टोकाचा रोग याच्या नेमका उलट आहे आणि तो मोठ्या, गजबजलेल्या रुग्णालयांत आढळतो. तेथे रुग्ण उदंड. पण परिचारिकांची पदे रिकामी असल्याने विद्यार्थिनीलाच मनुष्यबळ समजले जाते. ट्रॉली ढकलणे, नमुने पोचविणे, नोंदी उतरविणे यांत तिची पाळी संपते. अमेरिकेत गोल्डमार्क अहवालाने विद्यार्थिनींच्या अशा राबवणुकीवर बोट ठेवले ते 1923 साली. शंभर वर्षे लोटली तरी दुखणे तेच आहे. पहिल्या ठिकाणी रुग्ण नाही, दुसऱ्या ठिकाणी गुरू नाही, आणि शिक्षण दोन्हीकडे नाही.

शहरातील वाचकांना वाटेल की, आपणांस काय, आपण चांगले रुग्णालय निवडू. त्यांनी क्षणभर आमच्याबरोबर बीड जिल्ह्यातील धर्मापुरीला यावे. चालुक्यकालीन केदारेश्वराच्या मंदिरासाठी आणि किल्ल्यासाठी हे गाव अभ्यासकांना ठाऊक आहे. मंदिराच्या भिंतींवरील शिल्पे पाहून थक्क होणारा प्रवासी संध्याकाळी परततो. गाव मागे राहते. या पंचक्रोशीत कोणाला विंचू चावला, एखाद्या सुनेला अवेळी कळा सुरू झाल्या, तर पहिली भेट तज्ज्ञ डॉक्टरांशी होत नाही. ती होते नर्सबाईंशी. सपाट प्रदेशात 5,000 लोकवस्तीस एक उपकेंद्र आणि 30,000 लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा शासनाचा दंडक आहे, आणि या साऱ्या रचनेचा कणा परिचारिका आहे. 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत आणि ती अंबाजोगाईला पोचेपर्यंत जे होईल किंवा होणार नाही, ते तिच्या हाती असते.

हा जिल्हा ऊसतोड कामगारांचा. हंगामाला गावे ओस पडतात. गरोदर बाया फडात जातात आणि रक्तक्षय, अंगावरचे दुखणे घेऊन परततात. येथील ऊसतोड महिलांची गर्भाशये सर्रास काढली जात असल्याचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. कोणती तक्रार औषधाने बरी होण्याजोगी आहे, कोणत्या रुग्णेला दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावयास सांगितले पाहिजे, हे त्या बाईला तिच्या भाषेत सांगू शकणारी शिकलेली, निर्भय परिचारिका गावात असेल, तर कितीतरी अनर्थ उंबऱ्यावरच थांबतील. असे धैर्य पदविकेच्या कागदाने येत नाही. आपल्या हाताच्या ज्ञानावरील विश्वासाने येते.

म्हणून धर्मापुरीसारखी गावे ही परिचर्येच्या विद्यार्थ्यांची सहल होता कामा नये. बसने जाणे, फलकासमोर छायाचित्र घेणे आणि संध्याकाळी परतणे याला ग्रामीण प्रत्यक्षानुभव म्हणता येणार नाही. महाडजवळील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्र रात्र बसले, त्यांची नाडी, रक्तदाब व श्वास टिपत राहिले, आणि त्या निरीक्षणांतून निघालेले संशोधन 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात पोचले. खेड्यातील खाट ही विद्येची जागा नव्हे असे कोण म्हणेल? अंबाजोगाईला तर ग्रामीण भागासाठीच म्हणून उभारलेले स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय कित्येक दशके उभे आहे. मोठे रुग्णालय आणि भोवतालची गावे यांची अशी सांगड असताना परिचर्येच्या शिक्षणाने तिचा पुरेपूर लाभ घ्यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, आता कृत्रिम पुतळ्यांवर सर्व काही शिकविता येते. पुतळ्यांचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. पहिली सुई पुतळ्यालाच टोचलेली बरी. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, उत्तम साधने व प्रशिक्षित शिक्षक असतील तर प्रत्यक्षानुभवाचा निम्म्यापर्यंत भाग असा भरून काढता येतो, असे दिसले. पण उरलेला निम्मा तेथेही रुग्णाजवळच राहिला. पुतळा घाबरत नाही, खोटे सांगत नाही, आणि त्याच्या उशाशी रडणारी आई नसते. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर त्याच वर्षीच्या 'लॅन्सेट'मधील अभ्यासात आहे. युरोपातील नऊ देशांतील 300 रुग्णालयांत असे आढळले की, परिचारिकेकडे एकेक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी वाढले की ती तितकीच घटते. शिक्षणावर न केलेला खर्च कोठे वसूल होतो हे यावरून उमजावे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. विद्यार्थ्याला कोणत्याही रुग्णालयाने मनुष्यबळाच्या हिशेबात धरू नये. तो वॉर्डात असला तरी परिचारिकांची मंजूर पदे भरलीच पाहिजेत. शिक्षिकेची हजेरी महाविद्यालयाच्या खोलीत न घेता वॉर्डात घेतली जावी. परिषदेच्या तपासणीत इमारतीच्या चौरस फुटांबरोबर प्रत्यक्ष दाखल रुग्णांची संख्या तपासली जावी, तीही आगाऊ वर्दी न देता, आणि ती प्रवेशाच्या आधी जाहीर व्हावी, म्हणजे कर्ज काढून मुलीला शिकविणारा बाप डोळे उघडे ठेवून शुल्क भरील. ग्रामीण नेमणूक काही आठवड्यांची, निवासाची व सुरक्षित असावी. आणि शेवटच्या परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने विद्यार्थ्याचे हात पाहावेत.

ही शेवटची मागणी परकी वाटण्याचे कारण नाही. आपली मुलगी ब्रिटनमध्ये परिचारिका होऊ इच्छिते तेव्हा तिची नोंदणी करण्यापूर्वी तेथील परिषद तिच्याकडून प्रत्यक्ष कृती करवून घेते आणि मगच तिला रुग्णाजवळ जाऊ देते. लंडनच्या रुग्णाला जी हमी मिळते ती धर्मापुरीच्या बाळंतिणीला का मिळू नये?

पुण्यात रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी 1909 साली सेवासदन स्थापन केले आणि मध्यमवर्गीय घरांतील, त्यांतही विधवा झालेल्या स्त्रिया परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविल्या, तेव्हा समाजाने नाके मुरडली होती. त्या स्त्रियांनी लोकनिंदा सोसली, कारण रुग्णाच्या खाटेशेजारी जावे लागते हे त्यांच्या गुरूंना उमगले होते. आज नाके मुरडणारे कोणी उरलेले नाही. मुली रांगा लावून प्रवेश घेत आहेत. खाटेपर्यंत त्या आपल्या पायांनी आल्या आहेत. तेथे त्यांच्या शेजारी उभे राहून श्वास मोजावयास शिकविणारे माणूस देणे, एवढेच आता शासनाकडे, परिषदेकडे आणि संस्थाचालकांकडे उरले आहे. तेवढेही त्यांच्याने होत नसेल, तर पुढच्या 12 मे रोजी दिवे लावण्यापूर्वी त्यांनी क्षणभर विचार करावा.