सावकाशीचाहि दोष लागतो

गेल्या महिन्यांत या सदराचा मजकूर लिहावयास बसलों होतों, तोंच इंग्लंडांतून पुतणीचें पत्र आलें. पत्र म्हणजे अर्थात् हल्लींच्या रीतीचें, मोबाइलच्या पडद्यावर उमटणारें. परंतु 'तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार' येथपासून तिनें तें व्यवस्थित लिहिलें होतें. म्हणून रात्रीं जेवणें आटोपल्यावर मीं तें माजघरांत सर्वांस वाचून दाखविलें. मजकूर थोडक्यांत असा, कीं मोटारसायकलच्या परवान्याच्या परीक्षेंत ती नापास झाली. आणि कारण काय, तर गाडी फार हळू चालविली!

क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग मातोश्री म्हणाल्या, "हळू चालविली म्हणून नापास? मग काय कोणाच्या अंगावर घालायची होती पोरीनें?" मुलें हंसलीं. मला मात्र हंसूं आलें नाहीं. कारण गेलें दीड वर्ष तिला पाठविलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटीं 'गाडी सावकाश चालवीत जा' हें वाक्य मींच लिहीत आलों होतों.

वाचकांस थोडी पार्श्वभूमि सांगावयास हवी. ही मुलगी तिकडे एका रुग्णालयांत परिचारिका आहे. खेड्यांत भाडें कमी म्हणून ती शहराबाहेर राहते. परंतु रात्रपाळीच्या वेळीं तिकडून बस नसते. मोटार घेण्याची ऐपत अद्याप नाहीं, म्हणून तिनें १२५ सीसीची लहान मोटारसायकल घेतली. तिकडे १९९० सालापासून असा नियम आहे, कीं नवशिक्यानें मूलभूत शिक्षण पुरें केल्यावांचून मोटारसायकल रस्त्यावर आणूं नये. त्या शिक्षणाचा दाखला दोनच वर्षें चालतो. तेवढ्या मुदतींत नियमांची परीक्षा, बंदिस्त मैदानावरची परीक्षा आणि शेवटीं रहदारीच्या रस्त्यावरची परीक्षा, अशा तीन पायऱ्या चढल्या नाहींत, तर तें शिक्षण पुन्हां घ्यावें लागतें. तिच्या दाखल्याचे तीन महिने उरले होते आणि अडली होती ती शेवटच्या पायरीवर.

आपल्याकडे मोटारसायकलची परीक्षा म्हटली म्हणजे पाय न टेकतां आठाचा आंकडा काढणें हेंच डोळ्यांपुढें येतें. तेथील रस्त्यावरची परीक्षा निराळी आहे. प्रथम २० मीटरांवरील गाडीची नंबरपाटी वाचून दाखवावयाची. मग उमेदवारानें पुढें निघावयाचें आणि परीक्षकानें दुसऱ्या गाडीवरून मागोमाग येऊन कानांतील यंत्रावाटे वाट सांगावयाची. हा प्रवास सुमारें ४० मिनिटांचा. त्यांत सुमारें दहा मिनिटें सूचनांवांचून, केवळ पाट्या पाहून जावें लागतें. किरकोळ चुका दहापर्यंत चालतात. गंभीर चूक मात्र एकहि चालत नाहीं. गुणपत्रकावर वेगाच्या अविचारी उपयोगाला एक रकाना असतो, हें कोणासहि पटेल. परंतु त्याच पत्रकावर आणखी एक रकाना आहे, तो उचित वेग न राखल्याबद्दल आणि विनाकारण अडखळल्याबद्दल. आमच्या मुलीची गंभीर चूक पडली ती या दुसऱ्या रकान्यांत.

तिनें घडलें तें प्रांजळपणें लिहिलें होतें. गांवांतल्या रस्त्यांवर मर्यादा ताशीं ३० मैलांची. तेथें तिचें सर्व ठीक झालें. गांव संपलें, मर्यादा संपल्याची पाटी आली आणि पुढें सरळ, कोरडा, लांबवर दिसणारा रस्ता लागला. अशा दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारी व मोटारसायकली यांस ताशीं ६० मैलांपर्यंत जाण्याची मोकळीक असते. ही आपली ३८ वरच राहिली. मागें गाड्यांची रांग लागली. शेवटीं एक मोटारवाला कंटाळून वळणाच्या तोंडाशीं तिला ओलांडून गेला. समोरून कोणी आलें नाहीं म्हणून निभावलें. परीक्षेनंतर परीक्षक सौम्यपणें म्हणाला, कीं गाडीवरचा तुमचा ताबा चांगला आहे; परंतु तुम्ही रस्त्याबरोबर चालत नाहीं.

हें वाक्य मीं दोनतीनदां वाचलें. मग कागद घेऊन हिशेब मांडला. मागची गाडी ताशीं ५८ मैलांनीं येत आहे आणि आपण ३८ नें जात आहोंत, तर फरक २० मैलांचा, म्हणजे दर सेकंदास सुमारें ९ मीटर. ९० मीटर मागें असलेली मोटार दहा सेकंदांत पाठीशीं येते. आपण ५५ नें गेलों, तर हाच फरक तीन मैलांवर येतो आणि तेंच अंतर तुटावयास एक मिनिटाहून अधिक वेळ लागतो. मागच्याला पाहावयास, विचार करावयास आणि थांबावयास मिळणारी ही सवड आपल्या जिवाचीच राखण असते. आपण हळू जाऊन केवळ आपलाच धोका कमी करतों अशी माझी समजूत होती. मोकळ्या रस्त्यावर अशा हळू जाण्यानें तो धोका दुसऱ्याच्या माथीं बसतो आणि फिरून आपल्याच पाठीवर येतो, हें मला या वयांत कळलें.

लहान मोटारसायकलीची अडचण आणखी वेगळी. या परीक्षेसाठीं लहान गाडीची शक्ति ११ किलोवॅटहून अधिक चालत नाहीं. परंतु ती ताशीं निदान ५५ मैल जाऊं शकली पाहिजे, असाहि दंडक आहे. म्हणजे वेग कमी पडूं नये याची काळजी नियमानेंच घेतली आहे. तथापि तेवढा वेग गाडीकडून काढून घ्यावा लागतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो आणि त्याला पुरी पडणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. ४० मैलांवरून ६० वर जातांना वेग दीडपट होतो, पण केवळ हवा कापण्यासाठीं सव्वातीनपटींहून अधिक शक्ति लागते. त्यांत चढ किंवा समोरचा वारा असेल, तर इंजिन वरच्या गिअरमध्यें गुदमरूं लागतें. तेव्हां एक गिअर खालीं घेऊन त्याला मोकळेपणानें फिरूं द्यावें, अंग थोडें पुढें झुकवावें आणि गांवाची हद्द संपतांच आरशांत पाहून एकेक गिअर चढवीत वेग घ्यावा. मुलगी भीतीनें प्रारंभापासूनच वरच्या गिअरमध्यें राहिली होती, कारण इंजिनाचा आवाज वाढला म्हणजे तिला माझीं पत्रें आठवत!

कोणी असें समजूं नये, कीं पाटीवर ६० लिहिलें म्हणजे ६० चा आंकडा गांठलाच पाहिजे. मर्यादा ही मर्यादाच. ती कांहीं गांठावयाची खूण नव्हे. इंग्लंडांतील रहदारीच्या नियमपुस्तकाची पहिली आवृत्ति १९३१ सालीं निघाली. आजच्या आवृत्तींत थांबण्याचीं अंतरें दिलीं आहेत, तीं पाहावीं. मोटार ताशीं ३० मैलांवर असतां ब्रेक सुचेपर्यंत ९ मीटर आणि थांबेपर्यंत आणखी १४, एकूण २३ मीटर लागतात. ताशीं ६० वर १८ आणि ५५ मिळून ७३. वेग दुप्पट झाला, तर ब्रेकचें अंतर चौपट झालें. म्हणून जेवढा रस्ता स्वच्छ दिसतो तेवढ्यांत थांबतां येईल इतकाच वेग ठेवावा. वळणावर, पावसांत, शाळेजवळ तो उतरलाच पाहिजे. परीक्षकाला हवी असते ती ही पारख. रस्ता मागेल तेथें वेग द्यावा आणि रस्ता नको म्हणेल तेथें तो आवरावा.

याच देशांत १८६५ सालच्या कायद्यानें यांत्रिक गाड्यांस गांवांत ताशीं २ व बाहेर ४ मैलांवर जाऊं देत नसत आणि गाडीपुढें एक माणूस पायीं चालवावा लागे. १८९६ सालीं ही अट मोटारींपुरती सुटली. नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली ती १९३५ सालीं. म्हणजे पुढें चालणाऱ्या माणसाकडून राखणीचें काम निघून तें चालविणाऱ्याच्या स्वतःच्या विवेकाकडे आलें. मी मात्र दीड वर्ष त्या मुलीच्या गाडीपुढें पायीं चालत होतों.

त्याचें कारण आमच्या घरांत सर्वांस ठाऊक आहे, पण तें कोणी बोलत नाहीं. १९८१ सालीं मातोश्रींचे धाकटे बंधु, आमचे मामा, घाटांत मोटारसायकलवरून गेले. तेव्हांपासून आमच्याकडे हें वाहन आलें नाहीं आणि 'सावकाश' हा शब्द देवाच्या नांवासारखा उच्चारला जाऊं लागला. मामा वेगानें गेले, हें खरें. परंतु त्यांच्या वेगाची भीति मीं दुसऱ्या मुलीच्या हातांत दिली आणि तिला उपदेश म्हटलें. वडिलांचा उपदेश आणि वडिलांची भीति दिसावयास एकच दिसतात. मुलांना त्या निवडतां येत नाहींत, तें काम आपणच करावयास हवें.

मीं तिला नवें पत्र लिहिलें. त्यांत 'सावकाश' हा शब्द घातला नाहीं. वरील हिशेब लिहून पाठविला आणि शेवटीं एवढेंच लिहिलें, कीं पुढचें पाहा, मागचें पाहा आणि रस्ता मोकळा असेल तेथें मोकळेपणानें जा. अशा परीक्षेंत नापास झाल्यास कामाचे दहा दिवस तरी पुन्हां बसतां येत नाहीं. तेवढ्या अवधींत ती शिक्षकाबरोबर रोज त्याच रस्त्यानें गेली.

परवां रात्रीं उत्तर आलें. चार किरकोळ चुका, उत्तीर्ण. त्याच सरळ रस्त्यावर ती ताशीं ५५ मैलांनीं गेली आणि पुढच्या वळणाआधीं ४० वर उतरली, असें तिनें लिहिलें होतें. मीं तें मोठ्यानें वाचलें. मातोश्रींनीं विचारलें, "५५ मैल म्हणजे आपले किती किलोमीटर?" मीं म्हटलें, "अठ्ठ्याऐंशीं." त्या बराच वेळ वाती वळीत राहिल्या. मग म्हणाल्या, "वळणाआधीं उतरली ना? मग हरकत नाहीं. तिला माझा आशीर्वाद कळव."

चव्वेचाळीस वर्षांहून अधिक काळानंतर त्यांच्या तोंडून मोटारसायकलला 'हरकत नाहीं' हा शब्द आला. तो मीं त्याच रात्रीं जशाचा तसा कळविला.