स्वपक्षाविरुद्ध साक्ष देणारी बातमी शोधा

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वाचक, संपादक आणि वाचनालयांचे चालक यांस जाहीर विनंती



गाझा आणि युक्रेन येथील युद्धांविषयी नांदेडच्या वजिराबादेपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत आज जी ठाम मते ऐकू येतात, ती बहुधा एकाच बाजूच्या बातम्यांवर पोसलेली असतात. ज्याने एका पक्षाची कैफियत ऐकली त्याला दुसऱ्याची ऐकण्याची गरज वाटत नाही, आणि निवाडा मात्र दोघांविषयीही देऊन झालेला असतो. अन्य मुलखातील लोकांना हा दोष कदाचित क्षम्य असेल. परंतु ज्या मराठवाड्याचे भवितव्यच एके काळी जगाच्या चव्हाट्यावर तंट्याचा विषय होऊन बसले होते, आणि एकतर्फी वार्तेची किंमत जेथील माणसांनी प्राणांनिशी मोजली, त्या मराठवाड्याला तो शोभत नाही.

१९४८ सालचे स्मरण करा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या सरकारने २१ ऑगस्ट रोजी भारताविरुद्धची फिर्याद संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाडली. १६ सप्टेंबरला पॅरिस येथे परिषदेने ती विचारार्थ घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. तत्पूर्वी भारत सरकारची श्वेतपत्रिका एक सांगत होती आणि हैदराबादची नभोवाणी त्याच्या नेमके उलट सांगत होती. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ पत्रावर संस्थानात बंदी येई आणि ते निराळे नाव धारण करून पुन्हा वाचकांच्या हाती पडे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांचा उघड निषेध केला आणि संस्थानाने भारतात सामील व्हावे असे निर्भीडपणे लिहिले. २१ आणि २२ ऑगस्टच्या मधल्या रात्री हैदराबादच्या रस्त्यावर त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि ज्या हाताने ते लिहीत तो हात तोडण्यात आला. ज्या राज्याने आपली वृत्तपत्रे अशी मुकी केली, त्याला आपल्याच प्रजेचे मन अखेरपर्यंत कळले नाही.

आता त्याच इतिहासाचे दुसरे पान उलटा. निजामाला शरण आणणाऱ्या भारतीय सैन्याच्या ‘पोलीस कारवाई’नंतर पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानाचा दौरा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मुसलमान प्रजेचा संहार सर्वाधिक झाल्याचे तिने नमूद केले आणि संस्थानभरातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी ज्या लातुरात वकिली करीत असे, तेथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली आणि सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले, असे तो अहवाल सांगतो. आणि हाच अहवाल असेही सांगतो की कित्येक ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांचे रक्षण स्वतःचे प्राण वेचून केले. सरकारने हा दस्तऐवज अनेक दशके दप्तरात बंद ठेवला. परिणामी निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामातले अर्जापूरच्या गोविंदराव पानसऱ्यांचे बलिदान आणि रझाकारांनी केलेले गोरट्याचे हत्याकांड एका घरात सांगितले गेले, लातूरची कत्तल दुसऱ्या घरात. दोन्ही वृत्तांत खरे असूनही एकाच गावातील दोन आळ्यांना परस्परांचे दुःख ठाऊक नाही.

यावरून समतोल वृत्ताची खरी कसोटी हाती येते. दोन्ही पक्षांना मोजून सारखी जागा दिली म्हणजे समतोल साधला, असे मानणे ही भाबडी समजूत आहे. दोन असत्ये शेजारी छापल्याने सत्य निपजत नाही. शोएबुल्ला खान तटस्थ नव्हते, त्यांचा पक्ष ठरलेला होता. परंतु स्वसमाजातील प्रबळांना जे ऐकायचे नव्हते तेच त्यांनी त्यांना ऐकवले. सुंदरलाल आणि गफार यांना ज्या सरकारने पाठवले, त्याच सरकारची अडचण करणारे सत्य त्यांनी लिहून दिले. स्वपक्षाला न रुचणारी गोष्ट जो पुराव्यानिशी सांगतो, तो साक्षीदार विश्वसनीय. असा साक्षीदार दोन्ही छावण्यांत शोधून काढणे हेच वाचकाचे कर्तव्य होय.

असे साक्षीदार आजही आहेत. इस्रायलमधील ‘हाआरेत्झ’ हे दैनिक आपल्याच सरकारच्या युद्धनीतीवर कठोर टीका करते, आणि त्या सरकारने २०२४ मध्ये त्याच्याशी संबंध तोडण्याचा ठराव केला. मार्च २०२५ मध्ये उत्तर गाझातील रहिवासी भग्न घरांमधून रस्त्यावर आले आणि युद्ध थांबवण्याची मागणी करीत हमासविरुद्धही घोषणा देऊ लागले. रशियातील ‘नोवाया गझेता’ या पत्राचे तत्कालीन संपादक दिमित्री मुरातोव यांना २०२१ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पुढच्याच वर्षी, सैन्याविषयीच्या तथाकथित खोट्या वृत्तास १५ वर्षांपर्यंत कारावास सांगणारा कायदा झाल्यावर, त्या पत्राला आपली छपाई थांबवावी लागली. जेथे वार्ताहरांना मज्जाव आहे, जसा ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी वार्ताहरांना गाझात स्वतंत्रपणे जाण्यास आहे, तेथील प्रत्येक आकड्याबरोबर तो कोणी दिला हे छापले गेलेच पाहिजे.

परदेशातील भांडणाशी आमचा काय संबंध, असे कोणी म्हणू नये. २०२२ मध्ये युक्रेनच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून जीव मुठीत धरून परतलेल्यांत आपल्या भागातील मुले होती. त्याच वर्षी खतांच्या दरांचा भडका आपल्या शेतकऱ्याने सोसला. आणि त्याहून मोठी गोष्ट ही की दूरच्या युद्धाची अर्धी बातमी येथे येऊन जवळच्या शेजाऱ्यावर संशय घ्यायला शिकवते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

१. नांदेड-लातूरच्या दैनिकांनी युद्धाच्या प्रत्येक बातमीखाली तिचा उगम, आकडा देणारा पक्ष आणि पडताळणी झाली की नाही, हे छापावे.

२. मराठी व उर्दू दैनिकांनी आठवड्यातून एकदा परस्परांचा एक लेख अनुवादून प्रसिद्ध करावा. सार्वजनिक वाचनालयांनी दोन्ही भाषांची पत्रे एकाच मेजावर ठेवावीत.

३. मोबाइलवर आलेले दृश्य कोठले व केव्हाचे हे कळेपर्यंत कोणीही ते पुढे धाडू नये.

४. दर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांना अभिवादन करताना, सुंदरलाल समितीच्या अहवालाचे वाचनही त्याच सभेत व्हावे.

यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या संपादकास हे मान्य असेल त्याने उद्याच्या अंकापासून आरंभ करावा, आणि जो करणार नाही त्याला वाचकांनी पत्र लिहून जाब विचारावा.

आपले,
नांदेड व लातूर येथील काही वृत्तपत्रवाचक