दुकानदार खापरपणजोबांचे कोडे



माती-परीक्षणाचे पुढच्या खेपेला. आज जरा माळ्यावर चढू या.

पुणे-नगर भागात पुष्कळ घरी सांगतात, ‘आमचे खापरपणजोबा मोठे दुकानदार, सावकारीही करायचे, मग एकाएकी सगळे गेले.’ कसे गेले, ते कोणी सांगत नाही. लाल फडक्यात बांधलेल्या वह्या असल्या तर त्या सांगतील.

आधी साल लावा. शक असेल तर 78 मिळवा. गुजराती-मारवाडी वहीत संवत असेल तर 57 वजा करा. जानेवारीनंतरच्या मितीला साल एकाने पुढे धरा.

वही शके 1797 च्या वैशाखाच्या सुमारास तुटली असेल, तर उंदरांना बोल लावू नका! 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची खते-वह्या जाळल्या. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. अमेरिकेतील युद्ध 1865 साली संपताच कापसाचा भाव उतरला होता, शेतसारा मात्र वाढला होता. पुढे 1879 च्या कायद्याने कोर्टे जुन्या कर्जाचा हिशेब मुळापासून तपासू लागली. कित्येकांची सावकारी तिथेच आटली.

वह्या बहुधा मोडीत असतात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाणकारांची चौकशी करा. तोवर वही कडक उन्हात घालू नका, पान ठिसूळ होते.

आणि हो, कुळांच्या यादीत शेजाऱ्याचेच आडनाव निघाले, तर चावडीवर वाचण्याआधी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा.