कचेरीच्या वाटेवरील सोबत

निजामाच्या राजवटीत मनमाडहून हैदराबादेकडे गेलेल्या लोहमार्गाने जालना जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी बदनापूर, जालना आणि परतूर या तीनच तालुक्यांची मुख्य गावे जोडली. त्यामुळे भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी किंवा मंठा येथील शाळेत, तहसिलीत, बँकेत अथवा दवाखान्यात रुजू झालेल्या आणि जालना शहरात किंवा छत्रपती संभाजीनगरात बिऱ्हाड असलेल्या माणसाला सडकेवाचून गत्यंतर उरले नाही. एस.टी.च्या वेळा हजेरीच्या वेळेशी जुळेनात, तेव्हा या 'अपडाऊन' करणाऱ्यांपैकी चौघापाचजणांनी एका मोटारीतून जाण्याचा रिवाज पाडला. या रिवाजाकडे आपण पेट्रोलची काटकसर म्हणूनच पाहतो. माझ्या मते त्याचे खरे मोल त्यातून जडणाऱ्या स्नेहात आहे.

हा स्नेह निवडीने जडत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य. आपले इतर मित्र आपल्याच वयाचे, शिक्षणाचे, पुष्कळदा आपल्याच जातीचे असतात. परंतु सकाळी ठरलेल्या चौकात उभ्या राहणाऱ्या मंडळींना केवळ वाटेने एकत्र आणलेले असते. निवृत्तीला टेकलेले अव्वल कारकून, नुकत्याच नेमणूक मिळालेल्या शिक्षिका, बँकेचे रोखपाल आणि कृषी खात्यातले पर्यवेक्षक असे चौघे रोज तास-दीड तास शेजारी बसतात, तेव्हा खात्याखात्यांतील भिंती आपोआप विरघळतात. बदनापूरच्या संशोधन केंद्रातून निघालेले 'बीडीएन ७११' हे तुरीचे वाण कोरडवाहू शेतकऱ्याला का परवडते, हे रोखपालाला याच प्रवासात उमगते, आणि पीककर्जाच्या अर्जाकडे तो निराळ्या नजरेने पाहू लागतो. सातबारावरचा फेरफार कोठे अडतो हे अव्वल कारकुनांकडून ऐकलेल्या बाई आपल्या शाळेतील एखाद्या मुलाच्या विधवा आईला योग्य टेबलापर्यंत पोहोचवतात. प्रशिक्षणवर्गांवर सरकार खर्च करते. त्यांत न मिळणारे हे शिक्षण राजूरच्या गणपतीपुढून जाणाऱ्या सडकेवर विनामूल्य मिळते.

सुखदुःखाचीही अशीच वाटणी होते. मोसंबीच्या हंगामात कोणाच्या तरी शेतातली पिशवी मोटारीत येते, मुलीच्या लग्नाच्या याद्या मागच्या बाकावर तपासल्या जातात, आणि अपरात्री कोणाच्या वडिलांना दवाखान्यात हलवायचे झाले तर आप्तांच्या आधी 'सर, निघालो मी' असे म्हणणारा हाच सहप्रवासी असतो. काही वेळा कोणी बोलत नाही. मनुष्य घरून काही दुखणे घेऊन आला आहे हे ओळखून इतरांनी त्याला खिडकीजवळची जागा द्यावी आणि काही विचारू नये, यासारखे सौजन्य मला क्वचितच अन्यत्र आढळले.

टंचाईच्या दिवसांत अशा सोबतीची महती सर्वांनाच पटते. दुसऱ्या महायुद्धात रबर आणि पेट्रोल यांवर निर्बंध आले, तेव्हा अमेरिकेच्या सरकारने मोटारी वाटून घेण्यासाठी भित्तिपत्रके काढली. आपल्याकडे २०२१च्या ऑक्टोबरअखेरीपासून चाललेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपात एरवी नमस्कारापुरती ओळख असलेल्यांनी एकमेकांना गाडीत जागा दिली. ही वृत्ती संकटापुरतीच का असावी? ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यावर जालन्याच्या वाटेवर वेग वाढला आहे, आणि सरळ, एकसुरी रस्त्यावर एकट्या चालकाला पेंग येणे किती घातक असते हे आपण वारंवार वाचतो. शेजारी बोलते माणूस असणे हे तेथे प्राणरक्षणाचेही साधन आहे.

कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे, ही ग्रामस्थांची मागणी रास्त आहे, आणि गावात राहून शिकवणाऱ्या शिक्षकाची सर कोणाला येणार नाही. तथापि पतीची नोकरी एका तालुक्यात आणि पत्नीची दुसऱ्यात असेल, तर कोणाला तरी प्रवास अटळ ठरतो. तो त्यांनी सोबतीने करावा, कारण चौघांची हजेरी एकमेकांवर अवलंबून असली म्हणजे उशीर करण्याचा संकोच वाटतो. खाजगी मोटारीतून परवान्याविना भाड्याने माणसे नेणे कायद्याला मंजूर नाही, म्हणून हिशेब इंधनखर्चाच्या वाटणीपुरताच ठेवावा. नफा शिरला की स्नेह निघून जातो.

जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या लोहमार्गाला केंद्राने २०२४ साली मंजुरी दिली आहे. पण रूळ पडेपर्यंत भोकरदनकरांना सडकच आहे. म्हणून जिल्हाधिकारी कचेरीने आणि जिल्हा परिषदेने आपल्या आवारात एक फलक लावावा, ज्यावर कोण कोठून कोठे आणि किती वाजता जातो याची नोंद स्वेच्छेने करता येईल, आणि चारजणांना घेऊन येणाऱ्या मोटारीला सावलीतील जागा राखून ठेवावी. यास फारसा खर्च नाही. आणि ज्यांच्या मोटारीत रोज तीन जागा रिकाम्या जातात, त्यांनी या फलकाची वाट न पाहता आपल्याच वाटेने जाणाऱ्या शेजाऱ्याला उद्याच विचारावे.