निवृत्ती हा श्रमिकाचाही हक्क

ज्याला नोकरी असते त्यालाच निवृत्ती असते. शेतमजुराला, ऊसतोड कामगाराला, विडी वळणाऱ्या स्त्रीला निवृत्तीची तारीख नसते. हात चालतात तोवर काम आणि हात थांबले की परावलंबन, हाच त्यांच्या वार्धक्याचा नियम होय.

या वास्तवाला आता शास्त्रीय पाहणीचा आधार मिळाला आहे. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली देशभरातील ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची पाहणी केली. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्पन्न, काम व आजार यांची विचारपूस तर झालीच. रक्तदाब आणि हाताच्या पकडीचे बळही मोजले गेले. साठी ओलांडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक व्यक्ती काम करीत होत्या आणि सुमारे तीन चतुर्थांशांना एखादा तरी जुनाट आजार होता. ज्या समाजात वृद्धांना आजार अंगावर काढून राबावे लागते, त्या समाजाने प्रगतीच्या गप्पा जपूनच मारलेल्या बऱ्या.

एकदाच केलेली पाहणी मात्र अर्धेच सत्य सांगते. आजारामुळे काम सुटले की काम सुटल्याने औषधपाणी थांबून आजार बळावला, याचा उलगडा त्याच माणसाची वर्षानुवर्षे विचारपूस केल्यानेच होतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ १९९२ पासून असे संशोधन करीत आले आहे. भारतातील पाहणीही पंचवीस वर्षे चालविण्याचा संकल्प आहे. तिच्यात खंड पडू देणे म्हणजे वृद्धांच्या प्रश्नाकडे पाठ फिरविणे होय.

परंतु वृद्धाच्या दारी केवळ प्रश्नावली घेऊन जाणाऱ्या शासनाला कल्याणकारी म्हणता येणार नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना २००७ साली सुरू झाली, तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये होता. ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी तो २०२४ सालीही २०० रुपयेच होता. दरम्यान महागाई किती वाढली, हे सांगण्यास कोणत्याही पाहणीची गरज नाही.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न नेहमीच विचारला जातो. महाराष्ट्राने त्याचे एक उत्तर १९६९ सालीच दिले आहे. माथाडी कायद्याने अनेक मालकांकडे राबणाऱ्या हमालाचीही मंडळात नोंद झाली, मालकांकडून मजुरीबरोबर लेव्ही वसूल होऊ लागली आणि भविष्य निर्वाह निधीची सोय झाली. जो श्रमाचा लाभ घेतो त्याने श्रमिकाच्या म्हातारपणाचा भार उचलावा, हे तत्त्व हमालांनी संघर्ष करून प्रस्थापित केले. जेथे मालक सापडत नाही, तेथे ती जबाबदारी शासनाची आहे.

किमान वेतनाशी प्रमाण राखणारे आणि महागाईबरोबर वाढणारे निवृत्तिवेतन प्रत्येक श्रमिकास मिळाले पाहिजे. संशोधकांनी आकडे समोर ठेवले आहेत. ते गावोगावच्या सभांतून मांडणे आणि त्यांतून लढा उभा करणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.